एकशे विसाव्या रस्त्याच्या पलीकडे

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर भागात मॉर्निंगसाइड हाइट्स नावाची चढावरची वस्ती आहे. ब्रॉडवे आणि ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू यांच्यामधून इथे एकशे विसावा रस्ता आडवा जातो. रस्त्याच्या दक्षिणेला कोलंबिया विद्यापीठाचं मुख्य आवार आहे, तर उत्तरेला लाल विटांच्या जुन्या इमारती. या इमारती टीचर्स कॉलेजच्या. रस्ता ओलांडायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. तरी जगातला सर्वांत रुंद रस्ता हाच, असं तिथली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आली आहेत. अलीकडे तत्त्वज्ञान आणि विज्ञानाची विद्वत्ता, पलीकडे मास्तर घडवण्याचा खटाटोप. अलीकडच्यांना पलीकडे जाण्यात कमीपणा वाटे. टीचर्स कॉलेजची सनद वेगळी, विश्वस्त मंडळ वेगळं, अध्यक्ष वेगळा आणि तिजोरीही वेगळी. पदवी मात्र कोलंबियाची मिळते.

नावात कॉलेज असलं तरी बारावी होऊन आलेल्या मुलाला इथे प्रवेश नाही, पदवी हातात घेऊनच यावं लागतं. शिक्षण, आरोग्य आणि मानसशास्त्र यांची पदव्युत्तर संस्था अशी ती स्वतःची ओळख करून देते. ही जुळणी आपल्याकडच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे बी.एड. कॉलेज एका संस्थेचं, नर्सिंग कॉलेज दुसऱ्या ट्रस्टचं आणि मानसशास्त्र कला शाखेतल्या एखाद्या विभागात. बी.एड. झालेली, नर्सिंग झालेली आणि मानसशास्त्रात एम.ए. झालेली अशा तिघी एका टेबलाभोवती बसून एकाच मुलाबद्दल बोलताहेत, हे दृश्य महाराष्ट्रात सहसा दिसत नाही. आजचं व्याख्यान या तिघींना एका छपराखाली आणणाऱ्या संस्थेविषयी आहे आणि ते एक मुद्दा धरून चालणार आहे. हे तीन विषय एकत्र आले ते गरीब वस्तीतल्या मुलांमुळे. आणि जेव्हा जेव्हा त्यांतल्या एका विषयाने बाकीच्या दोहोंकडे पाठ फिरवली, तेव्हा तेव्हा ही संस्था चुकली.

सुरुवात झाली ती झाडू आणि ताटल्यांपासून. १८७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये युरोपातून आलेली गरीब कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. तिथल्या एका मिशन शाळेत एमिली हंटिंग्टन या बाई मुलींना घरकाम शिकवत. पुढे परक्या घरांत कामाला जाणाऱ्या या मुलींना तेच ते काम पुन्हा पुन्हा करून घेत शिकवण्यात राम नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या पद्धतीची बालवाडी त्यांनी पाहिली आणि तिथली कल्पना उचलली. ठोकळे आणि चेंडू यांच्या जागी चिमुकल्या ताटल्या, बोटभर काटे-चमचे, खेळण्यातले झाडू आणि बाहुलीच्या मापाच्या खाटा आल्या. मुली गाणी म्हणत टेबल मांडत, अंथरुणं घालत, कपड्यांच्या घड्या करत. या वर्गाला नाव पडलं ‘किचन गार्डन’.

तांब्याच्या व्यापारात गब्बर झालेल्या डॉज घराण्यातली ग्रेस होडली डॉज या कामात ओढली गेली. तेव्हा ती विशीत होती. १८८० साली किचन गार्डन असोसिएशन स्थापन झाली. चारच वर्षांत मंडळींना उमगलं की हातांचं शिक्षण मुलींपुरतं ठेवून भागणार नाही आणि एकट्या घरकामानेही पोट भरणार नाही. जुनी संस्था मोडून १८८४ मध्ये इंडस्ट्रियल एज्युकेशन असोसिएशन उभी राहिली. मग पुढची अडचण आली. हे सगळं शिकवणार कोण? सुतारकाम, चित्रकला, स्वयंपाक शिकवू शकतील असे शिक्षक शहरात नव्हतेच. शिक्षकांचं महाविद्यालय काढायची गरज अशी कामातूनच पुढे आली. ग्रेस डॉजची १८८६ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळावर नेमणूक झाली. त्या मंडळावर बसलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी ती एक.

त्याच सुमारास कोलंबियात निकोलस मरे बटलर नावाचा तत्त्वज्ञानाचा तरुण अध्यापक शिक्षणशास्त्र हा विद्यापीठाचा विषय व्हावा म्हणून धडपडत होता. कोलंबियाचे वृद्ध अध्यक्ष बर्नार्ड त्याच्या बाजूचे होते. विश्वस्त मात्र बधेनात. शिक्षकांसाठी विभाग काढला तर शिक्षिका येणार, म्हणजे बायका विद्यापीठात शिरणार, ही त्यांची भीती होती. तेव्हा बटलर ग्रेस डॉजच्या बाजूला गेला. १८८७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो त्या असोसिएशनचा अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी शिक्षकांचं विद्यालय सुरू झालं. हाच बटलर पुढे चाळीसहून अधिक वर्षं कोलंबियाचा अध्यक्ष राहिला आणि १९३१ च्या शांततेच्या नोबेलचा एक मानकरी ठरला. विद्यालयाला टीचर्स कॉलेज हे नाव १८९२ मध्ये मिळालं, १८९४ मध्ये ते मॉर्निंगसाइडच्या चढावर आलं. खुद्द कोलंबिया तिथे पोचलं ते तीन वर्षांनी. रस्त्याच्या रुंदीची गोष्ट सांगताना हा क्रम विसरला जातो.

मराठी वाचकाने इथे एक तारीख शेजारी ठेवून पाहावी. १८८६ ते १८८८ या काळात पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या आणि फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालवाडीची पद्धत रीतसर शिकत होत्या. ज्या पद्धतीतून न्यूयॉर्कच्या बायका ताटल्या आणि झाडू घेऊन महाविद्यालयापर्यंत पोचल्या, तीच शिकून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं. दोन्हीकडे काम बायकांनी सुरू केलं. न्यूयॉर्कच्या बायकांपाशी पैसा होता. रमाबाईंनी तो परक्या देशात व्याख्यानं देऊन गोळा केला.

आता आरोग्याकडे वळू.

१८९९ मध्ये टीचर्स कॉलेजने परिचारिकांसाठी ‘हॉस्पिटल इकॉनॉमिक्स’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी दोन विद्यार्थिनी आल्या. तोवर नर्सिंग म्हणजे रुग्णालयात उमेदवारी करत शिकायचं काम होतं; रुग्णालयाला फुकटात मनुष्यबळ मिळे, मुलीला तीन वर्षं रात्रपाळ्या मिळत. परिचारिकांना शिकवणाऱ्या परिचारिका तयार करायच्या तर त्यांना विद्यापीठात आणलं पाहिजे, हा आग्रह धरणाऱ्या थोड्या जणी होत्या. त्यांतली मेरी ॲडलेड नटिंग १९०७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सोडून इथे आली. नर्सिंगची जगातली पहिली प्राध्यापक म्हणून तिचं नाव घेतलं जातं. १९०९ मध्ये मेरी स्वार्ट्झ रोझने आहारशास्त्राचा अभ्यासक्रम इथेच उभा केला. मुलाला दिवसाला किती उष्मांक लागतात आणि गरिबाच्या बाजारखर्चात ते कसे बसवायचे, हा तिथला विषय. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत डाळ किती आणि तेल किती यावर आज आपल्याकडे जे हिशेब होतात, त्यांना वर्गात बसवण्याचं श्रेय अशा बायकांना आहे.

आरोग्य शाळेच्या दारात कसं आलं, हे समजून घ्यायला १९०२ सालची एक हकिकत नीट पाहावी लागेल. न्यूयॉर्कच्या शाळांत तेव्हा डॉक्टर तपासणीला जात. मुलाचे डोळे खुपऱ्यांनी लाल दिसले, डोक्यात उवा किंवा अंगावर गजकर्ण दिसलं, की हातात चिठ्ठी देऊन त्याला घरी धाडत. आईला इंग्रजी येत नसे, चिठ्ठीत काय लिहिलंय ते कळत नसे. औषध कुणी देत नसे. मूल रस्त्यावर खेळत बसे आणि संध्याकाळी शाळेतून सुटलेल्या त्याच मित्रांत मिसळे. म्हणजे संसर्ग थांबत नव्हता, थांबत होती ती शाळा. हेन्री स्ट्रीटवर सेवाकेंद्र चालवणाऱ्या लिलियन वाल्डने आपली एक परिचारिका, लीना रॉजर्स, शहराला महिनाभर उसनी दिली. लीनाला चार शाळा दिल्या. किरकोळ दुखणं ती शाळेतच धुऊन-पुसून, मलम लावून बरं करी आणि मुलाला पुन्हा वर्गात बसवी. दुपारनंतर चढ्या जिन्यांच्या चाळींत जाऊन आयांना उवा कशा काढायच्या, डोळ्यांत थेंब कसे घालायचे हे हाताने दाखवी. शहराला हे इतकं पटलं की लगोलग आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारापायी घरी पाठवलेल्या मुलांची संख्या दहा हजारांच्या वर होती, ती वर्षभरात अकराशेवर आली.

टीचर्स कॉलेजने हा धडा उचलला. १९१० मध्ये मिळालेल्या मोठ्या देणगीतून नटिंगने सार्वजनिक आरोग्याच्या नर्सिंगचा विभाग वाढवला आणि तिच्या विद्यार्थिनी प्रत्यक्ष कामासाठी हेन्री स्ट्रीटवर जाऊ लागल्या. लीना रॉजर्सने जे केलं ते शिक्षण म्हणायचं की आरोग्यसेवा, हा वाद कुणी घातला असता तर त्या चाळीतल्या आईला तो कळलाच नसता.

मानसशास्त्राची वाट मांजरांच्या पिंजऱ्यांतून आली. एडवर्ड थॉर्नडाइक हा पोरगेला संशोधक मार्केटातल्या फळ्या ठोकून पेटारे बनवी, भुकेलं मांजर आत कोंडी आणि बाहेर खायला ठेवी. आत एखादी दोरी वा खटका असे. तो चुकून ओढला गेला की दार उघडे. पुन्हा आत घातलं की मांजर थोडं लवकर सुटे, आणखी लवकर सुटे. प्रत्येक वेळचे सेकंद थॉर्नडाइकने मांडले आणि शिकणं या क्रियेचा आलेख काढला. १८९८ मध्ये त्याचा प्रबंध आला, पुढच्या वर्षी तो टीचर्स कॉलेजमध्ये आला आणि निवृत्तीपर्यंत चाळीसेक वर्षं तिथेच राहिला. १९०१ मध्ये सहकारी वुडवर्थच्या साथीने त्याने एका जुन्या समजुतीला हादरा दिला. लॅटिन किंवा भूमिती घोटली की बुद्धीलाच धार येते आणि ती धार कुठल्याही विषयात उपयोगी पडते, असं तेव्हा मानत. त्यांच्या प्रयोगांनी दाखवलं की एका गोष्टीचा सराव दुसरीकडे फारच थोडा उपयोगी पडतो आणि तोही दोन्हींत काही समान असेल तरच. पाठांतराने बुद्धी वाढते असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनीही हे निष्कर्ष जवळून पाहावेत.

थॉर्नडाइक मोजणारा माणूस होता. हस्ताक्षर किती चांगलं, हे ठरवायलाही त्याने १९१० मध्ये मोजपट्टी केली. मोजण्याची ही सवय शाळांच्या हिताचीच होती. पण बुद्धी बहुतांशी जन्माने ठरते अशी त्याची धारणा झाली आणि वंशसुधारणेच्या विचाराला त्याने आपल्या मोजमापांचं बळ दिलं. आलेख काढणाऱ्या माणसाने चाळीतला जिना चढून पाहिला नाही. मुलाच्या पोटात अन्न आहे का, डोळे बरे आहेत का, घरची भाषा कुठली, हे न विचारता काढलेला गुण हा त्या मुलाचा स्वभावधर्म ठरवला गेला. २०२० मध्ये टीचर्स कॉलेजच्या विश्वस्तांनी एकमताने थॉर्नडाइकचं नाव त्याच्या नावाच्या इमारतीवरून उतरवायचं ठरवलं. हा निर्णय योग्य होता. त्याचे प्रयोग अभ्यासक्रमात राहिले, आणि तेही योग्यच आहे.

त्याला सर्वांत ठोस उत्तर त्याच्याच विद्यार्थिनीने, शंभर वर्षं आधी, त्याच इमारतींत बसून दिलं होतं. लेटा हॉलिंगवर्थ नेब्रास्कात शिक्षिका होती. १९०८ मध्ये लग्न करून न्यूयॉर्कला आली, तेव्हा कळलं की या शहरातल्या शाळा लग्न झालेल्या बाईला नोकरी देत नाहीत. नवरा बर्नार्ड कॉलेजात मानसशास्त्र शिकवी. ही घरी बसून. काही वर्षं अशी काढल्यावर तिने टीचर्स कॉलेजात नाव घातलं आणि थॉर्नडाइकच्या हाताखाली काम सुरू केलं.

त्या काळी दोन गोष्टी विज्ञानाच्या नावावर सांगितल्या जात. पहिली, पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी आणि हात दोन्ही मंदावतात, म्हणून तिच्यावर जबाबदारीचं काम सोपवू नये. दुसरी, पुरुषांत विविधता जास्त असते; म्हणून अगदी बुद्धिमान आणि अगदी मंद असे दोन्ही टोकांचे लोक पुरुषांतच आढळतात, बायका सगळ्या मधल्या. या दुसऱ्या मतावर थॉर्नडाइकचाही विश्वास होता. लेटाने दोन्ही मतं तपासायला घेतली.

पहिल्यासाठी तिने काही स्त्रिया आणि तुलनेसाठी पुरुष निवडले आणि त्यांच्याकडून रोजच्या रोज ठरावीक चाचण्या करून घेतल्या. बोटाने किती वेगाने टिचक्या मारता येतात, हात किती स्थिर राहतो, रंगांची नावं किती चटकन सांगता येतात, विरुद्ध अर्थाचे शब्द किती लवकर सुचतात. महिन्याचे सगळे दिवस ओळीने मांडले. पाळीचे दिवस त्या आकड्यांत कुठे वेगळे उमटलेच नाहीत. हा प्रबंध १९१४ मध्ये छापला गेला आणि त्याच्यावरच १९१६ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. दुसऱ्या मतासाठी ती न्यूयॉर्क इन्फर्मरी या एलिझाबेथ ब्लॅकवेलने स्थापन केलेल्या बायका-मुलांच्या रुग्णालयात गेली. एका सहकारी स्त्रीसोबत तिने हजार मुलगे आणि हजार मुली, सगळी नुकती जन्मलेली, यांची वजनं आणि मापं पाहिली. मुलगे सरासरीने थोडे मोठे भरले. पण विविधता त्यांच्यात जास्त आढळली नाही. जगाने अजून हात न लावलेल्या बाळांत हा फरक नसेल, तर मोठेपणी दिसणारा फरक कुठून आला? तिने सरळ सांगितलं: घरकामात आणि बाळंतपणांत ज्यांचं आयुष्य बांधून टाकलं, त्यांना कर्तृत्व दाखवायला जागाच ठेवली नाही.

या संशोधनासाठी परिचारिकांची नोंदवही, मानसशास्त्राची चाचणी आणि शिक्षिकेची नाकारलेली नोकरी अशा तिन्ही गोष्टी लागल्या. महाराष्ट्रात आजही कित्येक घरांत मुलीला त्या दिवसांत बाजूला बसवतात आणि ती मुलगी त्या आठवड्यात शाळा चुकवते. लेटाचा १९१४ चा प्रबंध आपल्या डी.एड.च्या वर्गात वाचून दाखवला जावा, ही मागणी अवास्तव नाही.

आता डॉ. आंबेडकरांचा विषय. ते टीचर्स कॉलेजचे विद्यार्थी नव्हते, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. १९१३ ते १९१६ या काळात ते रस्त्याच्या अलीकडे, कोलंबियात, अर्थशास्त्र शिकत होते. पण त्यांनी ज्या तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंची व्याख्यानं ऐकली, ते ड्यूई दोन्हीकडे शिकवत. ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ हा त्यांचा ग्रंथ १९१६ चा, म्हणजे आंबेडकर न्यूयॉर्क सोडून लंडनला निघाले त्या वर्षीचा. लोकशाही ही मुळात एकमेकांत मिसळून जगण्याची रीत आहे आणि शाळा ही त्या रीतीची पहिली जागा, हा त्यातला गाभा. ‘जातिनिर्मूलना’च्या १९३६ च्या लिखित भाषणात आंबेडकरांनी ड्यूईंना आपले गुरू म्हटलं. जात माणसांमधलं दळणवळण तोडते, हा त्यांचा युक्तिवाद ड्यूईंच्या त्या विचाराशी बोलतो आणि त्याच्या बराच पुढे जातो. ड्यूईंनी वर्गातली भिंत पाहिली होती. आंबेडकरांनी वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसून शाळा शिकली होती. जून १९५२ मध्ये कोलंबियाची सन्मान्य पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ड्यूई १ जूनला वारल्याचं त्यांना समजलं; पदवीदान ५ तारखेला होतं. पत्नी माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपलं बौद्धिक ऋण मोकळेपणाने कबूल केलं.

आंबेडकर कोलंबियात होते त्याच काळात, १९१५ पासून, ताओ शिंगझी हा चिनी तरुण रस्त्यापलीकडे टीचर्स कॉलेजात शिकत होता. तो मायदेशी गेला आणि १९२७ मध्ये नानजिंगजवळच्या शियाओझुआंग गावात त्याने शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांची शाळा काढली. दोघांची भेट झाली असेल का, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ड्यूईंचे शिष्य विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रोजेक्ट मेथड’ मांडली. आज आपल्या शाळांत थर्माकोलच्या किल्ल्यांच्या रूपाने जो प्रकल्प नावाचा प्रकार चालतो, त्याचं मूळ तिथे आहे. मुलांनी मनापासून एखादं काम हाती घ्यावं आणि त्यातून शिकावं, इतकंच त्यांना म्हणायचं होतं. जॉर्ज काउंट्स याने १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, शाळेने नवा समाज घडवायचं धाडस करावं का, असा जाहीर सवाल केला. ही माणसं एकाच आवारात थॉर्नडाइकशी भांडत होती आणि त्या भांडणातून विद्यार्थी शिकत होते.

त्या विद्यार्थ्यांत अमेरिकेच्या दक्षिणेकडचे कृष्णवर्णीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. आपल्या विद्यापीठांत काळ्यांना प्रवेश द्यायचा नाही म्हणून दक्षिणेतली काही राज्यं त्यांना राज्याबाहेर शिकायचा खर्च देत. अपमानाच्या पैशातून हे शिक्षक न्यूयॉर्कला येत, उन्हाळी वर्ग करत आणि एम.ए. होऊन आपल्या शाळांत परत जात. ब्रुकलिनची शर्ली चिझम पाळणाघरात नोकरी करत संध्याकाळच्या वर्गांना येई. १९६८ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

मानसशास्त्राच्या बाजूने पुढे आलेली दोन नावं मराठी घरांत ओळखीची आहेत. कार्ल रॉजर्स समोरच्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात पाद्री व्हायला आला होता. रस्ता ओलांडून तो टीचर्स कॉलेजात आला, लेटा हॉलिंगवर्थकडे मुलांची तपासणी शिकला आणि १९३१ मध्ये पीएच.डी. झाला. समोरच्याचं ऐकून घेणं हाच उपचाराचा पाया, ही समुपदेशनाची आज रूढ असलेली धारणा त्याची. दुसरा अल्बर्ट एलिस. तो तरुणपणी इतका बुजरा होता की एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःवरच प्रयोग केला: ब्राँक्समधल्या वनस्पतिउद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की भीती वाटली तरी बोलायचंच. महिनाभरात तो शंभर जणींशी बोलला. भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. १९४७ मध्ये टीचर्स कॉलेजातून पीएच.डी. घेतलेल्या एलिसने १९५५ पासून जी पद्धत मांडली, ती आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, ती पद्धत आत्मसात केली आणि मराठीत ओघवत्या भाषेत समजावून सांगितली. एका बाकावरचा प्रयोग असा दादर-ठाण्याच्या दिवाणखान्यांत आला.

संस्थेची एक अलीकडची चूकही सांगितली पाहिजे. १९८१ पासून टीचर्स कॉलेजच्या छत्राखाली वाचन-लेखनाचा एक मोठा प्रकल्प चाले. अमेरिकेतल्या हजारो शाळांनी तो घेतला. अडलेला शब्द चित्रावरून किंवा वाक्याच्या ओघावरून ओळखायला मुलांना प्रोत्साहन द्यावं, अशी त्यातली एक रीत होती. पुस्तकांच्या संगतीत वाढलेली मुलं त्यातून तरून गेली. ज्यांच्या घरी पुस्तकच नव्हतं, ती अंदाज बांधत राहिली. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मेंदूत कशी बसते, यावरचं संशोधन तेव्हाही उपलब्ध होतं, मानसशास्त्राच्या विभागांत शिकवलंही जात होतं. वाचन शिकवणाऱ्यांनी शेजारचं दार वाजवलं नाही. टीका वाढत गेली आणि २०२३ मध्ये कॉलेजने तो प्रकल्प बंद केला. देवनागरी अक्षर आणि ध्वनी यांचं नातं इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. तरीही चौथीतलं मूल अडखळत वाचतं तेव्हा त्याचे कान, डोळे आणि अक्षरज्ञान यांपैकी नेमकं काय अडलंय, हे सांगणारं माणूस आपल्या शाळेत नसतं.

महाराष्ट्राचा संबंध इथे थेट येतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक-प्रशिक्षणावर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला, त्याचं निमित्त महाराष्ट्रातली डी.एड. विद्यालयं होती. एका वर्गखोलीत आणि एका फलकावर उभ्या राहिलेल्या विद्यालयांना मान्यता मिळण्यावरून हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. २०१२ च्या अहवालात आयोगाने सांगितलं की शिक्षक घडवायचे तर अनेक विषय शिकवणाऱ्या संस्थांत घडवा, एकट्या-दुकट्या विद्यालयांत नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यासाठी २०३० ही मुदत घातली आहे. धोका असा की बी.एड. कॉलेज एखाद्या कला-वाणिज्य महाविद्यालयाला कागदोपत्री जोडलं जाईल आणि मुदत पाळल्याची नोंद होईल.

पायाभरणी आपल्याकडे झालेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना गोळा केलं तेव्हा पहिलं काम आंघोळीचं होतं, मग खरजेवरच्या औषधाचं, खाण्याचं आणि त्यानंतर अक्षरांचं. त्यांना तीन विभाग माहीत नव्हते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवातही २०१३ मध्ये त्याच पट्ट्यात, पालघरला झाली. त्याची फिरती पथकं, डॉक्टर आणि परिचारिका, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशी तपासणी करतात. पथक निघून गेल्यावर त्या नोंदींचं काय करायचं, हे शिक्षिकेला कुणी शिकवलेलं नसतं. मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला कमी ऐकू येतं अशी नोंद झालेली असते, आणि ते मूल वर्षभर मागच्याच बाकावर बसतं.

बहुतेक जिल्ह्यांत डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, जिल्हा रुग्णालय आहे, त्याला लागून परिचारिकांचं विद्यालय आहे आणि मानसशास्त्र शिकवणारं किमान एक महाविद्यालय आहे. या तिन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी एकत्र बसवता येईल. त्यांना चार शाळा द्याव्यात, लीना रॉजर्सला दिल्या तशा. पथकाच्या नोंदी त्यांच्या हाती द्याव्यात. चष्मा लागलेलं मूल चष्मा घालतंय का, रक्तक्षयाच्या गोळ्या घरी पोचतात का, घाबरून गप्प राहणाऱ्या मुलीशी कुणी बोललंय का, हे त्यांनी सत्रभर पाहावं आणि त्यावरच त्यांचे गुण ठरावेत. याला नवी इमारत लागत नाही. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि उच्च शिक्षण अशा तीन खात्यांच्या सचिवांची सही असलेला एक शासन निर्णय लागेल, आणि त्याचा मसुदा या सभागृहात बसलेल्या निवृत्त प्राचार्यांपैकी कुणीही एका आठवड्यात करू शकेल.